काचेचे कपाट

काचेचे कपाट, बोलभाषेत शोकेस, हे घरातील संग्राह्य, शोभेच्या किंवा आठवणीच्या वस्तू धुळीपासून सुरक्षित ठेवून दिसतील अशा रीतीने मांडण्याचे फर्निचर होय. लाकडी चौकट, काचेची दारे आणि आतील फळ्या ही त्याची मुख्य अंगे. स्वयंपाकघरातील जाळीचे कपाट आणि भिंतीतील फडताळ यांच्यापासून ते उद्देशाने वेगळे आहे. त्या दोहोंत वस्तू साठवली जाते, काचेच्या कपाटात ती दाखवली जाते.

इतिहास

सतराव्या-अठराव्या शतकांत हॉलंड व इंग्लंडमधील धनिकांच्या घरी चीनहून आलेली चिनी मातीची भांडी मांडण्यासाठी अशी कपाटे होऊ लागली. त्या काळी काचेचे मोठे सपाट तुकडे दुर्मिळ व महाग असल्याने दाराला लाकडी पट्ट्यांच्या चौकटी करून त्यांत लहान तावदाने बसवीत. इंग्लंडमध्ये १७४५ ते १८४५ या काळात काचेवर अबकारी कर होता. तो उठल्यावर मोठी तावदाने सामान्यांच्या आवाक्यात आली. आजही लहान तावदानांची नक्षी 'जुनेपणा'ची खूण म्हणून मुद्दाम वापरली जाते. मुळात ती हौस नव्हती, अडचण होती.

एकोणिसाव्या शतकात मुंबईत शिसवी लाकडाचे कोरीव फर्निचर बनू लागले आणि पारशी व युरोपीय घरांतून ते इतरत्र पसरले. संग्रहालयांनीही हा प्रकार लोकांच्या नजरेत आणला. १८७२ साली लोकांसाठी खुले झालेले भायखळ्याचे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम, म्हणजे आजचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, काचेच्या लाकडी कपाटांत वस्तू मांडण्याचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण आहे.

देशी काचेचा उद्योग महाराष्ट्रात स्वदेशी चळवळीतून उभा राहिला. तळेगाव दाभाडे येथे १९०८ साली पैसा फंडाचा कारखाना निघाला, पुढे ओगलेवाडीस ओगले बंधूंचा. तेथील प्रभाकर कंदील घरोघरी गेला. परंतु कंदिलाची काच आणि कपाटाची सपाट काच या वेगळ्या वस्तू आहेत. सपाट काच बराच काळ परदेशातून, विशेषतः बेल्जियममधून येत असे. जुन्या बाजारात चांगल्या आरशाला सरसकट 'बेल्जियम' म्हणण्याची पद्धत त्यातूनच पडली असावी.

खानदेशात

खानदेशातील जुन्या धाब्याच्या घरांच्या भिंती जाड मातीच्या असत. वस्तू ठेवण्याची सोय त्या भिंतीतच कोनाडा, देवळी आणि फडताळ या रूपांत केलेली असे. भिंतीपासून सुटे उभे राहणारे काचेचे कपाट या घरात उशिरा आले. सातपुडा व डांगच्या जंगलांतील सागवान जवळ होते, सुतारही होते. बाहेरून आणावी लागे ती काच, आणि लांबच्या प्रवासात ती फुटण्याची भीती मोठी. १९०० च्या सुमारास ताप्ती खोऱ्यातून सुरतेकडे जाणारा रेल्वेमार्ग झाल्यावर शिंदखेडा तालुक्यातील नरडाणा, अमळनेर, दोंडाईचा अशा स्थानकांच्या गावी असे सामान आणणे सोपे झाले.

बैठकीच्या खोलीतील शोकेस पुढे शिक्षक, वकील, व्यापारी व रेल्वे कर्मचारी यांच्या घरांची ओळख झाली. वरच्या खणात करंडक व सन्मानचिन्हे, मधल्यात चिनी मातीचे कपबशीचे संच, खाली सावंतवाडीची लाकडी फळे, शंख-शिंपल्यांच्या बाहुल्या आणि कोणीतरी आग्र्याहून आणलेला छोटा ताजमहाल, अशी मांडणी असंख्य घरांतून दिसे. कपबशीचा संच पाहुण्यांसाठी म्हणून घेतलेला असे, आणि पाहुण्यांना चहा मात्र स्टीलच्या पेल्यातून मिळे. १९८० च्या दशकात दूरदर्शन संच आल्यावर प्लायवूड व सनमायकाच्या, भिंतभर पसरणाऱ्या मांडणीने या सुट्या कपाटाची जागा घेतली.

जुनी काच ओळखणे

कपाटाचे वय सांगणारा सर्वांत विश्वसनीय भाग बहुधा काच हाच असतो. फुंकून केलेल्या नळकांड्यापासून बनविलेल्या काचेत बारीक बुडबुडे व अनियमित लहरी असतात. विसाव्या शतकात यंत्राने ओढून काढलेल्या काचेत एकाच दिशेच्या समांतर लहरी दिसतात. वितळलेल्या कथलावर पसरून केलेली फ्लोट काच इंग्लंडच्या पिल्किंग्टन कंपनीने १९५९ साली जाहीर केली. ती पूर्ण सपाट असते. तिरपे उभे राहून काचेत नळीच्या दिव्याचे प्रतिबिंब पाहावे: रेघ वाकडी झाली तर काच जुनी असण्याचा संभव अधिक. काच शतकानुशतके हळूहळू खाली वाहते म्हणून ती लहरी होते, हा समज चुकीचा आहे. लहरी तयार करतानाच्या असतात.

लाकडाकडेही पाहावे. एका लाकडाचे टोक दुसऱ्यातील भोकात बसवून लाकडी खुंटीने पक्के केलेले सांधे जुन्या पद्धतीचे होत. फुलीच्या खाचेचे स्क्रू १९३० च्या दशकानंतरचे. पाठीमागे प्लायवूड असेल तर कपाट किंवा निदान त्याची पाठ अलीकडची. जुन्या दारांचे लाकूड वापरून बनविलेली नवी कपाटे 'अँटिक' म्हणून विकली जातात. त्यांचे लाकूड खरोखर जुने असते, कपाट नसते.

जतन

जुने कपाट सर्वाधिक बिघडते ते दुरुस्तीत. लाखेचे पॉलिश खरवडून चकचकीत रंग देणे आणि लहरी काच 'खराब' समजून नवी बसविणे, या दोन गोष्टींनी वस्तूचे वय पुसले जाते व ते परत आणता येत नाही. काच मूळ चौकटीत खडूची भुकटी व जवसाचे तेल यांच्या लांबीने बसविलेली असते. कालांतराने ही लांबी दगडासारखी कडक होते. पावसाळ्यात लाकूड फुगते, आणि धुळ्या-जळगावच्या चाळिशीपार जाणाऱ्या उन्हाळ्यात आक्रसते. म्हणून काचेभोवती थोडी मोकळी जागा राखावी लागते. घट्ट ठोकलेली काच तडकते.

कपाटाच्या आतील वस्तूही सुरक्षितच असतात असे नाही. बंद जागेत लाकूड व प्लायवूडमधून निघणाऱ्या आम्लयुक्त वाफा साचतात आणि शंख-शिंपल्यांवर पांढरी भुकटी धरते. फळीवर लोकरी कापड अंथरल्यास चांदी लवकर काळवंडते, सुती कापड बरे. वस्त्रे, छायाचित्रे व हस्तलिखिते उजेडाने फिकी पडतात. संग्रहालयांत अशा वस्तूंसाठी सुमारे ५० लक्स प्रकाशाची मर्यादा पाळतात. पश्चिमेच्या खिडकीसमोर कपाट ठेवणे म्हणून टाळावे. वाळवीसाठी कपाट भिंतीपासून चार बोटे दूर असावे.

याहून मोठे नुकसान नोंदीअभावी होते. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयामागे दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांचा खासगी संग्रह होता. मुलाच्या स्मृतीसाठी उभारलेला तो संग्रह १९७५ साली महाराष्ट्र शासनाकडे गेला. धुळ्यात इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे १९२६ साली निधन झाल्यावर त्यांच्या नावाच्या संशोधन मंडळाने कागदपत्रे व वस्तू सांभाळल्या. घरगुती शोकेसला अशी संस्था लाभत नाही. घराच्या वाटण्या होतात, जुने घर पाडले जाते, आणि वस्तू कोणाची, कोठून आली हे सांगणारी व्यक्ती नसेल तर ती भंगारात वजनावर जाते. प्रत्येक वस्तूखाली चिठ्ठी ठेवणे हा त्यावरील साधा उपाय आहे.

कायदा

पुरावशेष आणि कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू पुरावशेष ठरू शकते. हस्तलिखितांसाठी ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे. खासगी व्यक्तीस पुरावशेष परदेशी पाठविता येत नाहीत आणि त्यांचा व्यापार करण्यास परवाना लागतो. परदेशस्थ नातेवाइकांकडे आजीचे कपाट पाठविण्यापूर्वी त्याचे वय भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून तपासून घेणे त्यामुळे आवश्यक ठरते.