श्वासाचे मोजमाप आणि श्वासाची भाषा : धापेविषयीच्या वैद्यकीय संशोधनाचा एक इतिहास

रोगी जे सांगतो ते लक्षण आणि वैद्याला जे दिसते ते चिन्ह, असा भेद आधुनिक वैद्यकात रूढ आहे. धाप लागण्याची अवस्था या भेदाच्या नेमकी सीमेवर उभी आहे. छातीचा भाता किती वेगाने हलतो हे बाहेरून मोजता येते. परंतु श्वास अपुरा पडण्याची जाणीव ज्याची त्यालाच असते, आणि ती शब्दांवाचून दुसऱ्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणूनच या विकाराच्या संशोधनाचा इतिहास हा काही अंशी भाषेचाही इतिहास ठरतो. रुग्णाचे बोलणे पुरावा म्हणून केव्हा स्वीकारले गेले, केव्हा नाकारले गेले आणि पुन्हा का स्वीकारावे लागले, याचा मागोवा येथे घ्यावयाचा आहे.

प्राचीन वैद्यकात वर्णन हेच निदानाचे मुख्य साधन होते. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील सतराव्या अध्यायात हिक्का आणि श्वास यांचा एकत्र विचार आहे. तेथे महाश्वास, ऊर्ध्वश्वास, छिन्नश्वास, तमकश्वास आणि क्षुद्रश्वास असे पाच प्रकार सांगितले आहेत. तमकश्वासाचा रोगी आडवा झाला की त्याचा त्रास वाढतो, बसल्यावर त्याला बरे वाटते, उष्ण पदार्थ हवेसे वाटतात आणि ढगाळ हवेत विकार बळावतो, असे हे निरीक्षण आहे. ग्रीक परंपरेतील कॅपाडोशियाचा अरेटियस याने दम्याच्या रोग्याला घर अपुरे वाटते आणि तो मोकळ्या हवेकडे धाव घेतो, असे नोंदविले. दोन्ही ठिकाणी रोग्याचे वागणे आणि त्याची इच्छा यांना रोगलक्षणाचा दर्जा आहे, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

दम्यावरील दोन महत्त्वाचे इंग्रजी ग्रंथ स्वतः दम्याने ग्रासलेल्या वैद्यांनी लिहिले, हा योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. जॉन फ्लॉयर यांचा ग्रंथ १६९८ मध्ये आणि हेन्री हाइड सॉल्टर यांचा १८६० मध्ये प्रसिद्ध झाला. येथे निरीक्षक आणि रोगी एकच असल्याने वर्णनाची सत्यता कोणी ठरवावी हा प्रश्नच उद्भवला नाही. याच काळात भारतातून एक उपचार युरोपात गेला. मद्रासचे डॉ. अँडरसन दम्यासाठी धोतऱ्याचा धूर ओढावयास सांगत. १८०२ च्या सुमारास जनरल जेंट यांच्याद्वारे ही माहिती ब्रिटनमध्ये पोहोचली आणि पुढे शतकभराहून अधिक काळ तेथे दम्याच्या सिगारेटी विकल्या गेल्या.

मोजमापाचे युग मात्र आधीच सुरू झाले होते. १८४६ मध्ये लंडनच्या जॉन हचिन्सन यांनी दोन हजारांहून अधिक व्यक्तींच्या श्वासाचे आकारमान श्वासमापकाने मोजून प्रसिद्ध केले. श्वासाला आकडा मिळाला. या आकड्याचे उपकार मोठे आहेत. परंतु त्याबरोबर असा एक समज रुजत गेला की आकडा वस्तुनिष्ठ आणि रुग्णाची तक्रार व्यक्तिनिष्ठ, म्हणून दुय्यम.

या समजाला पहिला धक्का बसला तो वेल्सच्या कोळसा खाणींत. खाणकामगारांच्या फुफ्फुसांतील धुळीच्या रोगाला १९४३ पासून नुकसानभरपाई लागू झाली होती. कामगार कितपत अपंग झाला आहे याच्याशी त्याच्या घरची चूल निगडित होती. १९४५ मध्ये कार्डिफजवळ स्थापन झालेल्या संशोधन केंद्राचे प्रमुख चार्ल्स फ्लेचर यांच्यापुढे प्रश्न होता तो कामगाराच्या त्रासाची प्रत कशी लावावी हा. त्यांनी दैनंदिन जीवनातील वाक्यांची श्रेणी तयार केली आणि ती १९५२ मध्ये प्रसिद्ध झाली. फार श्रम केल्यावरच दम लागतो, ही पहिली पायरी. समवयस्कांपेक्षा सावकाश चालावे लागते, ही मधली. घराबाहेर पडता येत नाही किंवा कपडे बदलतानाही दम लागतो, ही पाचवी आणि अखेरची. या श्रेणीची सुधारित आवृत्ती आजही जगभर वापरली जाते.

तुलनाकाराने ही श्रेणी एक संहिता म्हणून वाचली पाहिजे. तिच्यातील गृहीत नायक चढ चढणारा, बरोबरीच्यांसह चालणारा, घराबाहेर जाणारा खाणकामगार पुरुष आहे. पुण्याचे संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये लॅन्सेटमधील लेखात दाखवून दिले की, कधीही धूम्रपान न केलेल्यांमध्येही दीर्घकालीन अवरोधक फुफ्फुसरोग मोठ्या प्रमाणावर आढळतो आणि चुलीचा धूर हे त्याचे एक प्रमुख कारण आहे. जिचा दिवस चुलीपाशी, पाटा-वरवंट्याशी आणि पाण्याच्या हंड्याशी जातो, तिला समवयस्कांबरोबर सपाटीवर चालण्याविषयी विचारले तर कोणते उत्तर मिळणार? शब्दांचे भाषांतर अचूक झाले तरी जीवनाचे भाषांतर राहून जाते.

दरम्यान शरीरविज्ञानात दुसरा वाद चालू होता. १९६३ मध्ये मोरन कॅम्पबेल आणि जॅक हॉवेल यांनी असे प्रतिपादन केले की, श्वसनस्नायूंना पडणारा ताण आणि त्यातून साधणारी हालचाल यांतील विसंगती म्हणजे धाप. पुढे जागृत स्वयंसेवकांचे स्नायू औषधाने लुळे करून केलेल्या प्रयोगात श्वास रोखण्याचा त्रास ओसरलेला दिसला. उलट १९९० मध्ये रॉबर्ट बॅन्झेट आणि सहकाऱ्यांनी पूर्णतः लुळ्या केलेल्या व्यक्तींनाही रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढताच हवेची तीव्र भूक जाणवते, असे दाखविले. दोन्ही निष्कर्षांचा अंतिम आधार प्रयोगाधीन व्यक्तीने दिलेली ग्वाही हाच होता.

मग ही जाणीव एकच आहे की अनेक? बोस्टनमधील संशोधकांनी १९८९ आणि १९९० मध्ये स्वयंसेवक व रुग्ण यांच्यापुढे वर्णनपर वाक्यांची यादी ठेवली. निरनिराळ्या रोगांचे रुग्ण निरनिराळी वाक्ये निवडतात, असे आढळले; छाती आवळण्याचा अनुभव, उदाहरणार्थ, दम्याशी विशेष जोडलेला निघाला. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासाने याला महत्त्वाची पुस्ती जोडली. श्वासनलिका सारख्याच प्रमाणात आकुंचित केल्या असता आफ्रिकन-अमेरिकन रुग्ण घशाची भाषा बोलत, तर गोरे रुग्ण खोल श्वासाची आणि छातीची. छातीचे शब्द ऐकण्याची सवय असलेल्या वैद्याकडून घशाचे शब्द दुर्लक्षित राहिले, तर त्याची किंमत रुग्ण मोजतो.

भारतीय भाषांमध्ये हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. मराठीतील ‘दम’ आणि ‘दमा’ फारसीतून आले. त्याच उच्चाराचा संस्कृत ‘दम’ हा निग्रहवाचक आहे. मराठीत दम लागतो, दम घेतला जातो, दम धरला जातो आणि दम दिलाही जातो. हिंदीत साँस ‘फुलते’. तेलुगूत धापेला ‘आयासम्’ म्हणतात, म्हणजे मुळात श्रम. मराठी रुग्ण ‘जीव घुसमटतो’ म्हणतो तेव्हा तो फुफ्फुसांविषयी बोलतो की घरातील कोंडीविषयी, की दोहोंविषयी, हे केवळ शब्दकोशावरून ठरत नाही.

उपचारांच्या संशोधनातही हाच धागा सापडतो. रक्तातील प्राणवायू फारसा कमी नसलेल्या २३९ रुग्णांवरील २०१० च्या चाचणीत, नळीवाटे दिलेला प्राणवायू साध्या हवेपेक्षा अधिक गुणकारी ठरला नाही. त्याच वर्षी केंब्रिजमधील ५० रुग्णांच्या अभ्यासात चेहऱ्यावर धरलेल्या छोट्या पंख्याने धाप कमी झाली. पायावर धरल्यास तसा आराम पडला नाही. अल्प मात्रेतील मॉर्फिनने आराम पडल्याचे ४८ रुग्णांच्या ऑस्ट्रेलियन चाचणीने २००३ मध्ये नोंदविले. २०२२ मधील मोठ्या चाचणीत दीर्घकालीन अवरोधक फुफ्फुसरोगाच्या रुग्णांना एका आठवड्यात तसा लाभ दिसला नाही. यांपैकी प्रत्येक निर्णय रुग्णाने आपल्या त्रासाला दिलेल्या अंकावर उभा होता, रक्तातील प्राणवायूच्या मापावर नव्हे.

२०२० च्या कोविड साथीत याची उलट बाजू दिसली. रक्तातील प्राणवायू धोकादायक पातळीपर्यंत उतरलेला असतानाही काही रुग्ण आपल्याला दम लागत नाही असे सांगत होते. तेथे बोटावरचे यंत्र शब्दांहून अधिक जाणत होते. तेव्हा रुग्णाचे शब्द नेहमीच खरे आणि आकडा नेहमीच अपुरा, असा सोयीचा निष्कर्ष काढता येणार नाही. आकडा शरीराची अवस्था सांगतो, शब्द त्या अवस्थेत जगणाऱ्याचा अनुभव सांगतो. एकाच्या जागी दुसरा ठेवला की चूक होते. आकड्यासाठी उपकरणे आहेत. शब्दांसाठी मात्र भारतीय भाषांतील धापेच्या वर्णनांचा पद्धतशीर, बोलीनिहाय संग्रह हवा, आणि ते काम एकट्या वैद्यकाचे नाही. भाषा आणि साहित्य यांच्या अभ्यासकांनीही त्यात आपला वाटा उचलला पाहिजे.