मुंबई-ठाणे परिसरातील गवळी व तबेलेदार कुटुंबांचा इतिहास : जतन आणि प्रसाराचा प्रश्न
(विशेष संदर्भ : शीळफाटा परिसर)

प्रस्तावना :
इतिहासलेखनात राज्यकर्ते, लढाया आणि चळवळी यांना जेवढे स्थान मिळाले, तेवढे शहराला रोज दूध पुरविणाऱ्या कुटुंबांना मिळालेले नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांवर विपुल लेखन झाले. परंतु त्याच कामगारांच्या चाळीत पहाटे दुधाचा रतीब घालणारा गवळी इतिहासाच्या पानावर क्वचितच येतो. अमेरिकेत गुरांच्या मोठ्या कुरणांचे मालक असलेल्या आद्य कुटुंबांचा इतिहास संग्रहालये व अभिलेखागारे यांद्वारे जतन करण्यात आला आहे. महाराष्ट्रात त्याच्याशी तुलना करता येईल असा वर्ग म्हणजे डोंगरमाथ्यावरील गवळी-धनगर, गावोगावचे गुरे पाळणारे शेतकरी आणि शहरांतील तबेलेदार होत. या कुटुंबांच्या इतिहासाची साधने कोणती, ती कशामुळे नष्ट होत आहेत आणि ती टिकविण्यासाठी काय करता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. त्यासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब करण्यात आला असून द्वितीयक साधनांचा आधार घेतला आहे.

१. पशुपालनाची पार्श्वभूमी :
ठाणे जिल्ह्याच्या भातशेतीत गुरांचे स्थान केवळ नांगरापुरते नव्हते. भाताच्या रोपासाठी जमीन भाजण्याची 'राब' ही पद्धत शेण, पालापाचोळा आणि गवत यांवर अवलंबून होती. त्यामुळे भातखाचरालगतच्या वरकस जमिनीला आणि गुरचरणाला शेतीइतकेच महत्त्व होते. सह्याद्रीच्या माथ्यावर गवळी-धनगर म्हशी पाळीत. खोऱ्यातील कुणब्यांना लोणी-तूप देऊन त्यांच्याकडून ते धान्य घेत. माधव गाडगीळ आणि कैलास मल्होत्रा यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या परस्परपूरक व्यवस्थेचे विवेचन केले आहे. गुंथर सोन्थायमर यांनी धनगरांच्या दैवतांचा व मौखिक परंपरेचा अभ्यास करून लिखित कागद नसलेल्या समाजाचाही इतिहास लिहिता येतो, हे दाखवून दिले. तबेलेदार कुटुंबांच्या बाबतीत मात्र अशा प्रकारचे काम फारसे झालेले नाही.

२. रेल्वे, रतीब आणि तबेला :
१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही रेल्वे सुरू झाली आणि १८५४ मध्ये ती कल्याणपर्यंत पोहोचली. शहराची वस्ती वाढत गेली तशी दुधाची मागणी वाढली. दूध नाशवंत, वाहतूक मंद आणि शीतगृहांचा अभाव अशा परिस्थितीत जनावरच शहरात आणून बांधणे हाच व्यवहार्य मार्ग होता. यातूनच तबेल्यांचा व्यवसाय वाढीस लागला. गुजरात, सौराष्ट्र, उत्तर भारत आणि कोकण अशा निरनिराळ्या प्रदेशांतील कुटुंबे या व्यवसायात आली. म्हणूनच या इतिहासाची भाषा एक नाही. तो मराठी, गुजराती, हिंदी व उर्दू अशा अनेक भाषांत विखुरलेला आहे. कल्याणमधील 'दूधनाका' हे नाव या व्यापाराची आजही आठवण देते.

तबेल्याचे अर्थशास्त्र समजून घेतल्याशिवाय या कुटुंबांचा इतिहास समजत नाही. नुकतीच व्यालेली मुऱ्हा किंवा जाफराबादी म्हैस दूरवरून विकत आणावयाची, ती आटेपर्यंत दूध काढावयाचे आणि भाकड झाल्यावर तिला पोसावे की काढून टाकावे हा निर्णय घ्यावयाचा, असे हे चक्र होते. शहरात कडबा, पेंड, सरकी आणि जागा सारेच महाग. त्यामुळे भाकड जनावर सांभाळणे अनेकांना परवडत नसे. कित्येक उत्तम म्हशी कसायाकडे गेल्या आणि रेडकांची हेळसांड झाली. दुधात पाणी घालण्याच्या तक्रारीही वारंवार होत. इतिहासाचे जतन म्हणजे केवळ कर्तबगार पूर्वजांचे गुणगान नव्हे. व्यवसायाची ही बाजू वगळून लिहिलेला कुटुंबेतिहास अपुराच राहील.

३. शासकीय योजना आणि आरे वसाहत :
१९४५ मध्ये मुंबई दूध योजना सुरू झाली. तिच्यासाठी खेडा जिल्ह्यातील आणंद येथून सुमारे सव्वाचारशे किलोमीटर अंतरावरून दूध आणले जाऊ लागले. या व्यवहारातील मक्तेदारीविरुद्ध शेतकऱ्यांनी दिलेल्या लढ्यातून १९४६ मध्ये खेडा जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ नोंदविला गेला. दुसरीकडे, शहरातील तबेले हलविण्यासाठी गोरेगावजवळ १९४९ मध्ये आरे दुग्ध वसाहत स्थापन झाली आणि ४ मार्च १९५१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. सुमारे १,२८७ हेक्टर क्षेत्र, ३२ गोठे आणि सुमारे १६,००० जनावरांची सोय असे तिचे स्वरूप होते. दूध आयुक्त दारा खुरोडी यांना १९६३ चा रॅमन मॅगसेसे पुरस्कार त्रिभुवनदास पटेल आणि वर्गीस कुरियन यांच्यासह मिळाला.

या काळाच्या इतिहासलेखनातील विषमता लक्षात घेण्याजोगी आहे. आणंदची बाजू संस्थेच्या कागदपत्रांतून, कुरियन यांच्या २००५ मधील आत्मकथनातून आणि श्याम बेनेगल यांच्या 'मंथन' (१९७६) या चित्रपटातून सर्वदूर पोहोचली. शासनाची बाजू अहवालांतून टिकली. ज्यांनी आपली जनावरे दावणीसह आरेला हलविली, त्या परवानाधारक कुटुंबांची बाजू मात्र त्यांच्या घरातच राहिली. पुढे नागरी क्षेत्रात जनावरे पाळण्यावर नियंत्रण आणणारा कायदा १९७६ मध्ये झाला. तबेले डहाणूजवळील दापचरी येथे हलविण्याचा विषय २००० च्या दशकात न्यायालयापर्यंत गेला. या साऱ्या प्रक्रियेत तबेलेदाराची नोंद झाली ती मुख्यत्वे 'अडचण' म्हणून. २०१९ मध्ये आरेतील वृक्षतोडीवरून झालेल्या संघर्षात जंगल, आदिवासी पाडे आणि मेट्रो यांची चर्चा झाली. वसाहत ज्यांच्यासाठी उभारली गेली त्या गोपालकांची चर्चा त्या मानाने अल्पच होती.

४. शीळफाटा परिसर :
मुंब्रा-पनवेल मार्ग आणि कल्याण-शीळ मार्ग जेथे मिळतात तो शीळफाटा आज वाहतूक कोंडीसाठी ओळखला जातो. शीळ, डायघर, देसई, खिडकाळी, पडले ही मूळची भातशेतीची गावे होत. जवळच 'गोठेघर' नावाचे गाव आहे. त्या नावात गोठ्याचा उल्लेख उघड दिसतो. केवळ ग्रामनामावरून निष्कर्ष काढणे योग्य नसले तरी जुने महसुली कागद आणि ज्येष्ठांच्या आठवणी यांच्याशी ते पडताळून पाहणे उपयुक्त ठरेल.

गेल्या काही दशकांत येथे गोदामे, पलावासारख्या वसाहती आणि रुंद रस्ते आले. मुंबई-अहमदाबाद वेगवान रेल्वेचा वांद्रे-कुर्ला संकुलापासून निघणारा २१ किलोमीटरचा बोगदा शीळफाट्याजवळच बाहेर येतो. त्यातील सुमारे ७ किलोमीटरचा भाग ठाणे खाडीखालून जातो. जमिनीचे मोल असे वाढले की गोठ्याची जागा प्रथम विकली जाते. गोठा मोडताना दावण, चरव्या, मापे आणि हिशेबाच्या वह्या यांची वासलात भंगारात लागते. जमिनीच्या व्यवहाराचे कागद कुटुंब जपून ठेवते, कारण त्यांना किंमत असते. रतीबाची वही मात्र कोणी ठेवत नाही. परंतु सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने ती वहीच अधिक बोलकी असते. कोणत्या घरी किती दूध जात होते, कोणाची उधारी किती महिने थकली, सणाच्या दिवशी मागणी किती वाढली, हे अन्य कोणत्याही साधनात सापडत नाही.

५. जागतिक अनुभव :
टेक्सासमधील किंग रँच १८५३ मध्ये, म्हणजे मुंबई-ठाणे रेल्वे धावली त्याच वर्षी, स्थापन झाले. त्याच्या वस्तूंचे स्वतंत्र संग्रहालय आहे. टेक्सासमधीलच लबक येथे १९७६ मध्ये खुल्या झालेल्या राष्ट्रीय संग्रहालयात पशुपालक कुटुंबांची जुनी घरे व गोठे मूळ जागेवरून आणून उभे केले आहेत. या प्रयत्नांपासून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. त्याबरोबरच 'आद्य' या शब्दाबाबत सावधगिरीही बाळगावयास हवी. त्या कुरणांवर आधीपासून मूलनिवासी समाज राहत होते. आपल्याकडेही तबेल्यांचा इतिहास लिहिताना शेण काढणारे, धार काढणारे आणि वैरण आणणारे मजूर वगळले जाऊ नयेत.

६. जतन व प्रसारासाठी उपाय :
१) महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी ज्येष्ठ गोपालकांच्या व मजुरांच्या मुलाखती, त्यांची संमती घेऊन, ध्वनिमुद्रित कराव्यात.
२) रतीबाच्या वह्या, परवाने, म्हशींच्या खरेदीच्या पावत्या व छायाचित्रे यांच्या प्रती काढून मूळ कागद कुटुंबास परत द्यावेत. कागद हातचा जाईल या भीतीनेच अनेक जण ते दाखवीत नाहीत.
३) कल्याणचे सार्वजनिक वाचनालय (१८६४) आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९३) यांसारख्या संस्थांत या प्रतींचा स्वतंत्र विभाग असावा.
४) पान्हा, भाकड, गाभण, दावण, रतीब अशा शब्दांचा व्यवसायकोश तयार करावा.
५) वसुबारसेच्या निमित्ताने शाळा-महाविद्यालयांत या संग्रहाचे प्रदर्शन भरवावे.

निष्कर्ष :
मुंबई-ठाण्याच्या नागरीकरणाचा इतिहास तबेलेदार कुटुंबांशिवाय पूर्ण होत नाही. या कुटुंबांविषयी उपलब्ध असलेली बहुतांश लिखित माहिती त्यांना नियंत्रित करणाऱ्यांनी लिहिलेली आहे. शासकीय अहवाल पुराभिलेखागारात सुरक्षित आहेत आणि ते पन्नास वर्षांनंतरही वाचता येतील. परंतु ज्या पिढीने स्वतः चरवी खांद्यावर घेऊन दारोदार दूध घातले, ती आता वार्धक्यात आहे. शीळफाट्यासारख्या परिसरात गोठा मोडणे आणि आठवण पुसली जाणे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडत आहेत. म्हणून या साधनांचे संकलन हे सवडीने करावयाचे काम नसून स्थानिक महाविद्यालयांनी अग्रक्रमाने हाती घ्यावयाचे कार्य आहे.