कॅमेऱ्याला विचार दिसतो का? दोन क्विझ शो आणि तुलनेची पद्धत

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी एक तक्ता केला होता. मी एम.एस्सी. फिजिक्सची, त्यामुळे ‘मोजलं की सिद्ध झालं’ ही सवय अंगातच भिनलेली. टीव्हीच्या इतिहासावर काम करायचं ठरल्यावर दोन जुन्या क्विझ शोचे भाग लावले, स्टॉपवॉच घेतलं आणि क्लोज-अप मोजायला बसले. गाइडनी तक्ता पाहिला आणि एकच प्रश्न विचारला, ‘‘यातलं दिग्दर्शकानं किती ठरवलं आणि यंत्रानं किती?’’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. तीन आठवड्यांचं काम बाजूला ठेवावं लागलं. तुमचं तसं होऊ नये म्हणून हा लेख.

पहिला शो अमेरिकेतला, ‘ट्वेंटी-वन’. १९५६मध्ये एनबीसीवर सुरू झाला. दोन स्पर्धक दोन वेगळ्या काचेच्या, आवाजबंद खोक्यांत उभे असायचे आणि सूत्रसंचालक जॅक बॅरी बाहेरून प्रश्न विचारायचे. दुसरा शो ब्रिटनमधला, ‘हू वॉन्ट्स टु बी अ मिलियनेअर?’. १९९८मध्ये आयटीव्हीवर सुरू झाला, सूत्रसंचालक ख्रिस टॅरंट. आपण ज्याला केबीसी म्हणतो, त्याचं हे मूळ.

दोन्हीकडे दिग्दर्शकापुढची अडचण एकच. माणूस विचार करतो तेव्हा बाहेरून काहीच घडत नाही. मग पडद्यावर दाखवायचं काय?

‘ट्वेंटी-वन’चं उत्तर होतं चेहरा. खोक्यातला माणूस डोळे मिटतो, ओठ चावतो, कपाळावरचा घाम टिपतो आणि कॅमेरा त्याच्यावर थांबून राहतो. पण इथेच गाइडचा प्रश्न आठवा. त्या काळच्या स्टुडिओ कॅमेऱ्यावर सहसा चार लेन्सची फिरती चकती असायची. लेन्स बदलताना प्रेक्षकांना तो कॅमेरा दाखवता येत नसे, तेवढ्यात दुसऱ्या कॅमेऱ्यावर जावं लागे. कार्यक्रम थेट प्रक्षेपित व्हायचा, म्हणजे चुकलं तर चुकलं. त्यामुळे लांबलचक शॉट पाहून लगेच ‘दिग्दर्शकाची संयमी शैली’ असं लिहू नका. तो नाइलाजही असू शकतो.

‘मिलियनेअर’ रेकॉर्ड होऊन, संकलन करून दाखवला जायचा. सेट गोल, प्रेक्षक चहूबाजूंनी, मध्ये समोरासमोर दोन उंच खुर्च्या. प्रश्न अवघड होत जातात तसे दिवे खाली झेपावतात, संगीत गडद होतं. मध्येच प्रेक्षकांत बसलेल्या नवऱ्याचा किंवा बायकोचा चेहरा दिसतो. म्हणजे विचाराचा ताण एकट्या चेहऱ्यावर न ठेवता दिवे, आवाज आणि नातेवाईक यांच्यात वाटून दिलेला असतो.

इथवर तुलना सोपी वाटते. पुढचा भाग नीट वाचा.

‘ट्वेंटी-वन’मधला तो घाम ठरवून आणलेला होता. हर्बर्ट स्टेंपल या स्पर्धकानं नंतर सांगितलं, की उत्तरं आधीच पढवलेली असायची, खोक्यातला एसी बंद ठेवायचे आणि घाम पुसायचा नाही, रुमालानं हलकेच टिपायचा, हेसुद्धा शिकवलेलं होतं. डिसेंबर १९५६मध्ये चार्ल्स व्हॅन डोरेनकडून हरण्यासाठी त्यानं ‘मार्टी’ हे माहीत असलेलं उत्तर सोडून मुद्दाम दुसऱ्या चित्रपटाचं नाव घेतलं. १९५९मध्ये व्हॅन डोरेननं अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे कबुली दिली आणि १९६०मध्ये असा बनाव बेकायदा ठरवणारा कायदा झाला. मी स्टॉपवॉच लावून मोजत होते, ते विचार करण्याचे क्षण नव्हतेच. ती विचार करण्याची नक्कल होती. माझा आकडा बरोबर होता, फक्त तो कशाचा आकडा आहे हे मला कळलं नव्हतं.

आता ‘मिलियनेअर’कडे या. सप्टेंबर २००१मध्ये मेजर चार्ल्स इंग्रॅम दहा लाख पौंड जिंकले. स्टुडिओतून कोणीतरी खोकून त्यांना बरोबर पर्याय सुचवत होतं, असा आरोप झाला. ध्वनिमुद्रणात १९२ खोकले सापडले, त्यातले १९ महत्त्वाचे असं फिर्यादी पक्षाचं म्हणणं होतं. २००३मध्ये इंग्रॅम, त्यांची पत्नी आणि आणखी एक स्पर्धक दोषी ठरले. इंग्रॅम यांनी आरोप नेहमीच नाकारला आहे. आपल्यासाठी मुद्दा वेगळा आहे: खटल्यातला कळीचा पुरावा चौकटीबाहेरून आला. कॅमेरा खुर्चीतल्या माणसाचा चेहरा वाचत होता आणि वाद मात्र मागच्या आवाजाचा होता.

यातून मी तीन सवयी लावून घेतल्या.

एक, तक्त्यात ‘यंत्राची मर्यादा’ आणि ‘दिग्दर्शकाची निवड’ असे वेगळे रकाने ठेवा. कोणत्या रकान्यात टाकायचं ते ठरत नसेल, तर तो शॉट शैलीचा पुरावा म्हणून वापरू नका.

दोन, अख्ख्या भागांची तुलना करू नका. एकच क्षण निवडा, उदाहरणार्थ प्रश्न संपल्यापासून उत्तर येईपर्यंतचा. प्रयोगशाळेत आपण एक घटक बदलतो आणि बाकीचे स्थिर ठेवतो, तसंच हे.

तीन, तुमच्या हातात काय उरलंय ते आधी विचारा. पन्नासच्या दशकातले थेट कार्यक्रम बहुधा किनेस्कोपवर, म्हणजे मॉनिटरसमोर फिल्म कॅमेरा लावून जपले गेले. त्यात दिग्दर्शकानं निवडलेलं दृश्य तेवढं आहे. बाकीचे कॅमेरे त्या क्षणी काय पाहत होते, ते कायमचं गेलं.

सराव करायचा असेल तर घरचीच जोडी घ्या. २००० साली सिद्धार्थ बसू यांचा केबीसी स्टार प्लसवर आला, २०१३मध्ये सचिन खेडेकरांचा ‘कोण होईल मराठी करोडपती’ ईटीव्ही मराठीवर. सेट, संगीत, प्रश्नांची चढण, सगळं मूळ साच्याबरहुकूम. इतके घटक आयतेच स्थिर मिळतात, त्यामुळे जो फरक उरेल तो शोधण्यासारखा असतो. एकेका भागातला एकच प्रश्न घ्या आणि पहिल्यांदा आवाज बंद करून बघा. दुसऱ्यांदा पडद्याकडे पाठ करून नुसतं ऐका. दोन्ही वेळच्या नोंदी जिथे जुळत नाहीत, तिथून तुमचा संशोधनाचा प्रश्न सुरू होईल.

माझा पहिला तक्ता मी अजून फेकलेला नाही. नवीन तक्ता करायला बसले, की आधी तो समोर ठेवते.