विश्वाचा आरंभ आणि वादाची मर्यादा

विज्ञानातील प्रस्थापित मताला आव्हान देण्याचा विषय निघाला की गॅलिलिओचे नाव आपसूक ओठांवर येते. १६३३ साली त्याला दोषी ठरविण्यात आले. त्या प्रकरणात आपल्या धर्मपंडितांची चूक झाली, हे परमगुरू जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ साली मोकळेपणाने मान्य केले. परंतु विसाव्या शतकातील दुसरा एक वाद आम्हांस अधिक बोधप्रद वाटतो. त्यात आव्हान देणारा स्वतः एक कॅथलिक धर्मगुरू होता; आणि पुढे त्याच्या सिद्धान्ताला आव्हान देणाऱ्यांत एक मराठी माणूस अग्रभागी होता.

बेल्जियमचे फादर जॉर्ज लमेत्र यांना १९२३ साली गुरुदीक्षा मिळाली. पुढे ते लुवेन विद्यापीठात प्राध्यापक झाले. विश्व स्थिर आहे, ही त्या काळची सर्वमान्य धारणा होती. तिला बाध येऊ नये म्हणून आइन्स्टाईन यांनी १९१७ साली आपल्या समीकरणांत एक जादा पद घातले होते. लमेत्र यांनी १९२७ साली विश्व प्रसरण पावत असल्याचे मांडले. तुमचे गणित बिनचूक आहे, पण भौतिकी मुळीच पटत नाही, असे आइन्स्टाईन यांनी त्यांना त्याच वर्षी ब्रुसेल्स येथे सुनावले. १९२९ साली हबल यांची निरीक्षणे प्रसिद्ध झाली आणि १९३१ साली आइन्स्टाईन यांनी स्थिर विश्वाची कल्पना सोडली. त्याच वर्षी लमेत्र यांनी, विश्वाचा आरंभ एका 'आदिअणू'पासून झाला असावा, हा विचार मांडला.

येथे नवा संशय उभा राहिला: या धर्मगुरूने उत्पत्तीचा पहिला अध्याय तर विज्ञानात आणला नाही ना? १९४८ साली फ्रेड हॉईल, बाँडी व गोल्ड यांनी अनादि विश्वाचा 'स्थिर स्थिती' सिद्धान्त पुढे केला. १९५१ साली परमगुरू पायस बारावे यांनी नव्या खगोलविज्ञानात निर्मितीची साक्ष पाहिली, तेव्हा सर्वांत अस्वस्थ झाले ते लमेत्रच. आपला सिद्धान्त श्रद्धेच्या प्रश्नाबाहेर राहिला पाहिजे, अशी त्यांची धारणा होती. धर्मपीठाच्या आधाराने तो टिकावा, असे त्यांना वाटत नव्हते. १९६५ साली पेन्झियस व विल्सन यांना आकाशाच्या सर्व दिशांनी येणारे सूक्ष्मतरंग आढळल्याचे जाहीर झाले आणि पारडे फिरले. १९६६ साली मृत्यूपूर्वी ही वार्ता लमेत्र यांच्या कानी पडली.

आता महास्फोट हेच प्रस्थापित मत झाले. कोल्हापुरात जन्मलेले, केंब्रिजमध्ये हॉईल यांचे शिष्य झालेले डॉ. जयंत नारळीकर यांनी मात्र प्रश्न विचारणे सोडले नाही. १९९३ साली त्यांनी हॉईल व बर्बिज यांच्यासह सुधारित सिद्धान्त मांडला. त्यांचे समविचारी हाल्टन आर्प यांना १९८०च्या दशकात कॅलिफोर्नियात दुर्बिणीचा वेळ नाकारण्यात आला. ते जर्मनीला गेले. २००४ साली नारळीकरांसह अनेकांनी जाहीर पत्र लिहून तक्रार केली की, या क्षेत्रात संशयाला व मतभेदाला जागा उरलेली नाही आणि संशोधनाचा जवळजवळ सगळा पैसा एकाच मताकडे वळतो.

ही तक्रार रास्त होती काय? आमच्या मते दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. मत न पटणे हा अन्याय नव्हे. सूक्ष्मतरंगांच्या पुढील काटेकोर मोजमापांनी महास्फोटाचीच बाजू भक्कम केली. नारळीकरांचा पर्याय बहुसंख्य शास्त्रज्ञांनी स्वीकारला नाही. परंतु निरीक्षणाचे साधनच काढून घेणे ही निराळी गोष्ट आहे. ज्याला दुर्बीण मिळत नाही, तो चूक की बरोबर, हे ठरणार तरी कसे?

नारळीकर यांचे २०२५ साली पुण्यात निधन झाले. पुण्याची 'आयुका' ही संस्था त्यांनी १९८८ साली उभारली. विश्वाविषयी त्यांच्याहून वेगळे मत असणाऱ्यांनाही तेथे संशोधनाची वाट खुली राहिली. आमच्या घरांतील मुले उद्या शाळेतून प्रश्न घेऊन येतील, कधी विज्ञानाविषयी, कधी श्रद्धेविषयी. त्यांना गप्प बसविणे सोपे आहे. पण त्यांना पुरावा मागायला आणि पुरावा द्यायला शिकवावे, अशी आमची पालकांना विनंती आहे. फादर लमेत्र यांनी आपल्या विरोधकांना तोंड दिले ते याच मार्गाने.