मागच्या दिव्याचा वाद

इंग्लंडमध्ये १८८८ च्या स्थानिक प्रशासन कायद्याने सायकलला गाड्यांच्या पंगतीत बसवले आणि दोन अटी घातल्या. सूर्यास्तानंतर तासाभराने दिवा पेटलेला हवा. कुणाला ओलांडून पुढे जायचे तर घंटी किंवा शिट्टी वाजवून इशारा द्यायचा. दिवा कुठे, तर जायच्या दिशेला, म्हणजे पुढे. मागच्या बाजूविषयी कायद्यात अवाक्षर नाही. मला ही नजरचूक वाटत नाही. मागून येणाऱ्याने पुढचे पाहून वाहन हाकावे, हे त्यात गृहीतच होते.

हे गृहीत मोटारीने मोडले. सायकलस्वारांनी मागेही दिवा लावावा अशी मागणी होऊ लागली, तेव्हा 'सायकलिस्ट्स टूरिंग क्लब'ने तिला वर्षानुवर्षे कडाडून विरोध केला. जेवढे दिसते तेवढ्या अंतरात गाडी थांबवता आली पाहिजे, ही जबाबदारी चालकाची, असे त्यांचे म्हणणे. शिवाय तेलाचा दिवा धक्क्याने विझे आणि पाठीमागचा विझलेला स्वाराला कळतही नसे. १९२७ च्या कायद्याने तोडगा काढला: दिवा नको तर लाल रिफ्लेक्टर लावा. रिफ्लेक्टर स्वतः उजेड देत नाही, मोटारीचाच उजेड तिच्याकडे परतवतो. म्हणून या सवलतीत पाहण्याचा भार निम्मा तरी चालकाकडे राहिला. पण १९३४ मध्ये मागच्या मडगार्डवर पांढरा पट्टाही सक्तीचा झाला, आणि दिसण्याचे ओझे सायकलकडे सरकत गेले.

यावर कुणी म्हणेल, तत्त्व खरे असेल, पण अंधारात माणूस चिरडला गेल्यावर त्याचा काय उपयोग? आक्षेप रास्त आहे. दिव्याने जीव वाचतात हे नाकारण्यात अर्थ नाही. पण सक्ती कोणत्या वेळी आली ते पाहावे. १९३९ च्या ब्लॅकआउटमध्ये मोटारींचे दिवे झाकले गेले, तेव्हा परतवायला उजेडच उरला नाही आणि मागचा दिवा अनिवार्य झाला. ते योग्यच होते. युद्ध सरले, मोटारींचे दिवे पुन्हा उघडले. तरी १९४५ च्या कायद्याने ती सक्ती कायम केली. संकटकाळचा नियम नेहमीचा झाला, चालकाने किती वेगाने जावे हा मूळ प्रश्न मात्र तिथेच राहिला. ब्रिटनमध्ये आज रात्री सायकलला मागे लाल दिवा आणि लाल रिफ्लेक्टर दोन्ही लागतात; ऑक्टोबर १९८५ नंतर बनलेल्या सायकलींना पेडलवर पिवळसर रिफ्लेक्टरही.