उंबरखिंडीत तुम्ही कोणतं 'स्किल' घेतलं असतं?

ऑनलाइन रोल-प्लेइंग गेममध्ये समोर खराखुरा माणूस लढायला उभा राहिला (ज्याला पीव्हीपी म्हणतात), की नवखा खेळाडू एकच प्रश्न विचारतो: सगळ्यात जास्त डॅमेज कोणत्या स्किलचं? मुरलेला खेळाडू आधी मैदान बघतो. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'च्या अरीनांमध्ये खांब असतात. खांबाआड गेलेला गडी दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणून त्याच्यावर मंत्र टाकता येत नाही. डॅमेजचा आकडा तोच, पण त्या क्षणी त्याचा उपयोग शून्य.

आता हाच प्रश्न घेऊन खालापूर तालुक्यात या. कर्जतहून खोपोली लोकल पकडायची, पुढे पालीच्या रस्त्याने जाऊन आत चावणी गाव. तिथे अंबा नदीकाठी उंबरखिंडीचं स्मारक आहे.

१६६० च्या मे महिन्यात शायिस्तेखान पुण्यात आला. चाकणचा भुईकोट जवळपास दोन महिने झुंजला आणि ऑगस्टमध्ये पडला. सपाटीवरच्या कोटात बसून मोठ्या फौजेशी लढायचं, तर शौर्य कितीही असो, हिशेब कुठे जातो ते तिथे दिसलं. मग खानाने कोकणात उतरायला कारतलबखानाला पाठवलं. सोबत माहूरच्या देशमुख घराण्यातली रायबागनही होती. ही फौज लोणावळ्याजवळच्या कुरवंडे घाटाने खाली आली, आणि २ फेब्रुवारी १६६१ ला उंबरखिंडीच्या रानात शिवाजी महाराजांच्या सैन्याने तिला पुढून-मागून कोंडलं. वरून बाण, गोळ्या, दगड. खाली अरुंद वाट, दाट झाडी आणि तहान.

मुघलांची ताकद होती संख्या, घोडदळ आणि सरंजाम. यातलं काहीच 'कमकुवत स्किल' नव्हतं! ते वापरायला जागा नव्हती, एवढंच.

हे मोजता येतं का? १९१६ मध्ये फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज इंजिनिअरने यासाठी दोन नियम मांडले. मोकळ्या मैदानात प्रत्येकाला प्रत्येकावर नेम धरता येत असेल, तर फौजेचं बळ संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. सारख्याच कसबाचे १००० विरुद्ध ५०० शेवटपर्यंत लढले, तर मोठ्या बाजूचे सुमारे ८६६ उरतात. पण एकास एक अशीच झुंज होऊ शकत असेल, तर उरतात ५००. दुसऱ्या शब्दांत, शत्रू दहापट असेल तर बरोबरी करायला मोकळ्यावर तुमचा प्रत्येक माणूस शंभरपट भारी हवा, चिंचोळ्या जागी दहापट पुरतो. (वर्गमूळ स्वतः काढून बघा. लँचेस्टर समजायचा तोच मार्ग आहे.)

मीही आधी उंबरखिंडीला हा दुसरा, रेषीय नियमच लावला होता. तो पुरता बसत नाही. खिंडीत दोन्ही बाजू सारख्या अडकलेल्या नव्हत्याच. वरच्यांना खालचे दिसत होते, खालच्यांना फक्त झाडी. १९६२ मध्ये सेमूर डाइचमन यांनी गनिमी लढाईसाठी नेमकं हेच समीकरण लिहिलं: उघड्यावरच्या फौजेचं नुकसान लपलेल्यांच्या संख्येवर अवलंबून, पण लपलेल्यांचं नुकसान ते त्या रानात किती दाट बसलेत त्यावरही अवलंबून. शत्रू अंदाजाने रानात मारा करतोय, त्यामुळे विरळ बसणं हेच चिलखत. दाटी करून ताकद दाखवण्याचा मैदानी शहाणपणा इथे उलटा पडतो.

तरी माझ्या मते डाइचमनही इथे अर्धाच उपयोगी आहे. त्याच्या समीकरणात माणसं मरतात, शरण येत नाहीत. उंबरखिंडीत निकाल लागला तो शरणागतीने. रायबागनने शरण जाण्याचा सल्ला दिला, खानाने वकील पाठवला आणि खंडणी देऊन, सरंजाम मागे ठेवून फौज बाहेर पडली. म्हणजे माझ्या मॉडेलमध्ये मोजायची राशीच चुकीची निवडली गेली होती. 'किती उरले' यापेक्षा 'कधी पुरे म्हटलं' हा प्रश्न होता, आणि तिथे पाणी आणि परतीची वाट ही बाणांइतकीच शस्त्रं ठरतात.

पुराव्याचंही बघा. या लढाईचं तपशीलवार वर्णन कवींद्र परमानंदाच्या 'शिवभारत' या संस्कृत काव्यात आहे. परमानंद महाराजांच्या पदरचा कवी. त्यामुळे फौजेचे आकडे मी समीकरणात घालत नाही, फक्त गुणोत्तरं बदलून बघतो. वाट, रान, तहान यांवर मात्र जास्त विश्वास ठेवतो, कारण त्या गोष्टी आजही चालत जाऊन तपासता येतात.

सॉफ्टवेअरवर तपासायला गेलात तर एक खड्डा आहे. वरून वाट कुठून दिसते हे काढायला आपण उपग्रहाचा उंचीचा नकाशा घेतो. फुकट मिळणाऱ्या एसआरटीएमचा एक पिक्सेल साधारण ३० मीटरचा असतो. दोन माणसं जेमतेम शेजारी चालतील अशी वाट त्यात सापडतच नाही. त्यामुळे त्या भागापुरता जीपीएस घेऊन पायी जावं लागतं, आणि तेही फेब्रुवारीतच, कारण पावसाळ्यात झाडीही वेगळी असते आणि तहानही.