नाव डायनाचं, बंदूक कोणाची?

जत्रेत फुगे फोडायची बंदूक आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी हातात धरलेली असते. नळी मधोमध मोडायची, मागच्या भोकात छर्रा खुपसायचा, नळी परत सरळ करायची, एक डोळा मिटून नेम धरायचा आणि... फुगा शाबूत. :-) ("माशीच वाकडी होती हो!" हा प्रत्येक हरलेल्याचा दावा.)

या बंदुकीत ना दारू असते ना गॅसची नळकांडी. नळी मोडताना आपण एक दणकट स्प्रिंग दाबत असतो. ट्रिगर ओढला की स्प्रिंग सुटते, दट्ट्याला पुढे ढकलते, दट्ट्यापुढची हवा एका क्षणात आवळली जाते आणि ती हवा छर्ऱ्याला बाहेर फेकते. रॉकेलच्या स्टोव्हचा पंप आठवतोय? दट्ट्याच्या टोकाला चामड्याचा वायसर, तो सुकला की पंप मारून मारून हात दुखायचा पण हवा काही भरायची नाही. मग आई वायसरला दोन थेंब तेल लावायची. जुन्या एअर रायफलमध्ये अगदी तेच चामडं आणि तेच दुखणं असतं.

आता हे सगळं आजच का? प्रोजेक्टच्या निमित्ताने इंग्लंडमध्ये जाऊन राहिलेल्या आपल्या मंडळींना कधीतरी हा किडा चावतो. तिथे १२ फूट-पाउंडांच्या आतली एअर रायफल प्रौढ माणसाला परवान्याशिवाय घेता येते (ही मर्यादा १९६९च्या नियमांतली. स्कॉटलंडमध्ये मात्र २०१६च्या शेवटापासून सर्टिफिकेट लागतं). मग जाहिराती चाळताना एक ओळ दिसते : "जुनी डायना २७, चांगल्या स्थितीत." आणि इथेच खरी गंमत सुरू होते, कारण 'डायना २७' म्हणजे एक बंदूक नाही. दोन देशांत, दोन कारखान्यांत बनलेल्या दोन निरनिराळ्या बंदुका आहेत त्या. कुठली समोर आहे हे कळायला थोडा इतिहास लागतो.

१८९० साली जर्मनीतल्या रास्टाट गावात मायर आणि ग्रामेलस्पाखर या दोघांनी कारखाना काढला. पुढे त्यांच्या मालाला डायना हे नाव मिळालं. डायना म्हणजे रोमन लोकांची शिकारीची देवी. कंपनीचं बोधचिन्ह मला फार आवडतं : देवीने धनुष्यबाण टाकून दिलेत आणि एअर रायफल हवेत उंच धरली आहे! जाहिरातीचा इतका साधा आणि इतका आगाऊ विचार आजच्या एजन्सीवाल्यांना सुचेल का, शंका आहे. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात या बंदुका जगभर गेल्या.

मग १९४५. जर्मनी हरला, रास्टाट फ्रेंचांच्या ताब्यातल्या भागात आलं, हत्यारं बनवायला बंदी आली. एअर रायफलसुद्धा त्यातच. आणि कारखान्यातली यंत्रं आणि 'डायना' हे नाव, दोन्ही ब्रिटनमधल्या मिलार्ड ब्रदर्स या कंपनीकडे गेलं. मिलार्ड ब्रदर्स म्हणजेच 'मिलब्रो'. यांचा धंदा मासेमारीच्या सामानाचा आणि गलोलींचासुद्धा. त्यांनी स्कॉटलंडमध्ये मदरवेलजवळ कारखाना थाटला आणि डायना बंदुका काढायला लागले. मॉडेलचे नंबरही तेच ठेवले.

आपल्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर गेले, डोमेन नेम गेलं, मागे राहिली ती फक्त टीम. पण टीमच्या डोक्यातला कोड कोण उचलून नेणार? १९५०च्या सुमारास बंदी सैल झाली आणि रास्टाटमध्ये पुन्हा काम सुरू झालं. (तेव्हा जर्मनीत एकूणच असा घाट चालू होता. झेला-मेलिस हे बंदुका बनवणारं गाव रशियनांच्या वाट्याला आलं, म्हणून वाल्टर आणि अन्शुट्झ उल्मला आले, वाइराउख मेलरिखश्टाटला. सगळ्यांनी एअर रायफलपासून परत सुरुवात केली, कारण खरी बंदूक करायला परवानगीच नव्हती.) पंचाईत एवढीच की ब्रिटनच्या बाजारात रास्टाटवाल्यांना स्वतःचंच नाव वापरता येईना. ते आता मिलब्रोचं होतं. तेव्हा त्यांनी तिथे जाणाऱ्या मालावर दुसरा शब्द ठोकला : 'ओरिजिनल'.

टोमणा मारावा तर असा! कोर्टकचेरी नाही, भांडण नाही, पोलादावर एकच शब्द.

अमेरिकेत तर आणखी वेगळी सोंगं. तिथे हीच रास्टाटची २७ 'हाय-स्कोअर ८०७' म्हणून विकली गेली, आणि १९७०च्या आगेमागे 'विंचेस्टर ४२७' म्हणूनही. म्हणजे विंचेस्टर नाव बघून "वा, अमेरिकन!" म्हणणाऱ्याच्या हातात असते जर्मन बंदूक. शेवटी १९८०च्या दशकात मिलब्रोने बंदुकांचं काम गुंडाळलं आणि रास्टाटवाल्यांनी आपलं नाव परत विकत घेतलं.

तर बंदूक हातात आली की आधी शिक्के वाचा. 'डायना' आणि 'मेड इन ग्रेट ब्रिटन' असं असेल तर ती मिलब्रोची. 'ओरिजिनल' आणि जर्मनी असेल तर युद्धानंतरची रास्टाटची. 'डायना' आणि जर्मनी असेल तर युद्धापूर्वीची, किंवा नाव परत मिळाल्यानंतरची, किंवा ब्रिटनबाहेर विकलेली. मग डाव्या बाजूला, मागच्या टोकाजवळ बारीक आकडे शोधा. युद्धानंतरच्या बऱ्याच जर्मन बंदुकांवर महिना आणि वर्ष ठोकलेलं असतं. विकणारा "पन्नास सालची आहे, आजोबांची" म्हणतो आणि शिक्का म्हणतो ७८. आजोबा खरे असतील, पण भाव शिक्क्याप्रमाणे.

दोन्हींत चांगली कुठली? माझं मत विचाराल तर रास्टाटची, आणि याला कारण तिचा ट्रिगर. युद्धानंतरच्या जर्मन २७ मध्ये दट्ट्याचा दांडा अडवायला पोलादाच्या तीन गोळ्या असतात, बेअरिंगमध्ये असतात तशा. ट्रिगर ओढला की त्या बाजूला सरकतात आणि दांडा सुटतो. स्प्रिंगचा एवढा जोर असूनही बोटाला लोणी कापल्यासारखं वाटतं. पण मिलब्रो टाकाऊ नाही हां. ब्रिटनमधल्या कितीतरी पोरांनी पहिला नेम तिच्यावरच धरला, आणि त्या आठवणीपोटी कोणी चार पैसे जास्त देत असेल तर तो मूर्ख नाही. फक्त आपण काय घेतोय हे त्याला माहीत असावं.

शिक्के झाले की मग हाडंपेरं. नळीच्या बाजूने लांबवर नजर टाका. नळी मोडलेली असताना कोणी ट्रिगर ओढला असेल तर ती फाडकन मिटते, वरच्या बाजूला वाकते आणि कधीकधी लाकडी दस्ताही तडकतो. नळी मोडायच्या सांध्यापाशी आडवी हलवून बघा, खुळखुळ नको. थोडी असेल तर मधला बोल्ट आवळून जाते. स्क्रूच्या खाचा खाऊन गेल्या असतील तर आत कोणाचे तरी हात लागलेत, तेव्हा काय बदललं ते विचारा. दस्त्यावर स्क्रूच्या भोकांपाशी आणि मनगटासारख्या बारीक भागावर चिरा शोधा. बंदूक अगदी नव्यासारखी निळीकाळी चमकत असेल तर मी उलट जास्त सावध होतो. शिक्क्यांची अक्षरं बोथट दिसली की समजायचं, घासून पुन्हा रंग चढवलाय. प्रामाणिकपणे झिजलेली जुनी बंदूक परवडली.

नळी मोडताना करकर आवाज आला तर स्प्रिंग वाकलेली किंवा तुटलेली असू शकते. स्प्रिंग मिळते, घाबरू नका. छर्रा न घालता मात्र उडवून बघू नका, आणि विकणारा तसं करून दाखवत असेल तर त्याला थांबवा. पुढे हवेची उशी नसली की दट्ट्या थेट पोलादावर आपटतो. उडवल्यावर धूर आणि मोठा धडाका झाला तर "काय ताकद आहे!" म्हणू नका, आतलं जास्तीचं तेल पेटतंय. आणि छर्रा मलूल बाहेर पडत असेल तर बहुतेक वेळा चामडं सुकलेलं असतं. दोन थेंब तेल, बंदूक रात्रभर उभी, झालं. या एका आजाराने कितीतरी चांगल्या बंदुका पडेल भावात जातात.

ताकद मोजायची असेल तर वेग मोजायचं यंत्र मिळतं, आणि पुढचं गणित आठवीचं. ०.२२ चा छर्रा साधारण ०.९ ग्रॅमचा. तो सेकंदाला १४० मीटरने गेला तर ऊर्जा साधारण ८.८ ज्यूल, म्हणजे साडेसहा फूट-पाउंड. तंदुरुस्त २७ कडून एवढीच अपेक्षा ठेवा. १२ फूट-पाउंड म्हणजे १६.३ ज्यूल, त्याच्या ती जवळपासही नाही. "हिचा जोर वाढवून दिलाय" असं कोणी अभिमानाने सांगितलं तर मी पुढे सरकेन. २७ ही हलक्या हाताने ओढायची, अंगणात डबे पाडायची बंदूक आहे. तिच्यात जाडजूड स्प्रिंग कोंबणं म्हणजे लुनाला बुलेटचं इंजिन बसवणं.

रास्टाटची कंपनी २०१४ साली दुसऱ्या मालकांकडे गेली आणि नंतर काम त्या गावातून हललं. नाव अजून डायनाच आहे. :-)

आणि हो, परत येताना बंदूक बॅगेत टाकून आणायचा विचार असेल तर आधी आपल्याकडचा शस्त्र कायदा आणि आयातीचे नियम नीट वाचा. तिकडे परवाना लागला नाही म्हणून विमानतळावर कस्टमवाला सोडेल, असं अजिबात नाही.